अंजनाबाई आवर्जून उपस्थित होत्या

९ नोव्हेंबर, ब्रह्मपुरी

पतसंस्थांच्या डायऱ्या दर जानेवारीत येतात आणि मी त्या वाटून टाकतो. यंदाची ही एक कपाटावर राहून गेली. पहिले दहा महिने कोरे आहेत. तेवढा काळ मी नव्हतोच असं कुणी म्हटलं, तर माझ्याकडे पुरावा नाही.

आज लिहायला बसलो कारण सकाळपासून एकही फोन आला नाही. एरवी या तालुक्यात कुठे मोटारसायकल नालीत गेली तरी लोक आधी मला कळवायचे, मग दवाखान्याला. गेल्या महिन्यात साठी भरली, पेपरानं शाल पार्सलनं पाठवली आणि ओळखपत्र परत मागवलं. आता लोक नव्या वार्ताहराला फोन करतात. बरोबरच आहे. नाली तीच, मोटारसायकल तीच, फक्त कळवायचं ठिकाण बदललं.

तेरा डिसेंबरला निघायचं. संघप्रिया, माझी एकुलती एक मुलगी, कॅनडात विनिपेग नावाच्या गावी असते. तिथे या दिवसांत उणे तीस. आमच्याकडे मे महिन्यात सत्तेचाळीस. एका माणसानं एका जन्मात सत्त्याहत्तर अंश पार करावेत का, याबद्दल मी शिकलेलं शास्त्र गप्प आहे. मी संस्कृतचा एम.ए. बौद्ध घरातला मुलगा संस्कृत शिकतो म्हटल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. वार्ताहर झालो तेव्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं.

जायचं ठरलं ते पावसाळ्यातल्या तापामुळे. संघप्रियाची आई गेल्यापासून घरात मी एकटा. तापात पडलो आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही. घराखालच्या दुकानातल्या जहीरनं दार तोडलं. मुलीनं फोनवर एवढंच म्हटलं, बाबा, आता कायमचे या. मी हो म्हटलं. अंगात ताप असताना माणसाचा विरोध कमी असतो.

सगळं झालं. एकच काम राहिलंय: बाईला सांगायचं. बाई म्हणजे अंजनाबाई, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी अंगणात रांगत होतो. बाई सासरी जाताना मला कडेवर घेऊन गेली. तिची सासू म्हणे, लोकांच्या सुना भांडी आणतात, आमची भाऊ घेऊन आली. आता तिनं पंचाहत्तरी ओलांडली. तिला मी ‘चार महिन्यांसाठी जातोय’ असं सांगितलंय. ‘कायमचा’ हा शब्द तिच्यासमोर तोंडात येत नाही.

१४ नोव्हेंबर

बाईकडे जाऊन आलो. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी आणि पुढे खासगी जीप. या महिन्याभरातली ही तिसरी खेप. एरवी मी वर्षातून एकदा जातो, मंडईला.

धान निघालं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाची तारीख वेगळी, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. दिवसा दंडारीचे नाच नि बाजार, रात्री नाटक. बाई दुपारीच मंडपात पुढच्या रांगेत माझ्यासाठी बोरा, म्हणजे तागाचं पोतं, अंथरून ठेवते आणि त्यावर दगड ठेवते. मला बसायला नाटकवाले खुर्ची देतात. पत्रकार ना. तरी बोरा असतोच आणि मीही बोऱ्यावरच बसतो. यंदा तिच्या गावची मंडई वीस डिसेंबरला आहे.

आज सांगायचंच असं जीपमध्ये तीनदा ठरवलं. ती अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. मी म्हटलं, बाई, माझं तेरा तारखेचं विमान आहे. तिनं सुपावरून मान वर केली नाही.

“मंग मंडईले नाई तू.”

मी म्हटलं, यंदा नाही. ती म्हणाली, थंडीचे कपडे घे. मग जेवायला वाढलं आणि तिचा मुलगा पत्रू ट्रॅक्टरच्या हप्त्याबद्दल बोलत राहिला. पुन्हा विषय काढायला जागा सापडली नाही. निघताना तिनं विचारलं, “आता यून राह्यला घडीघडी. काई काम हाय का बाबू तुह्यं?” मी म्हटलं, नाही, सहज.

तिला काही कल्पना नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

१७ नोव्हेंबर

जहीरचं समजत नाही. त्याचं मंडप नि लाउडस्पीकरचं दुकान माझ्या घराखालीच. आमच्या झाडीपट्टीतली निम्मी नाटकं त्याच्या माइकवर होतात. आमची ओळख तेव्हाची, जेव्हा त्याच्याकडे एकच कर्णा होता आणि माझ्याकडे एकच शर्ट. तो मला पंडित म्हणतो. एका बौद्धाला एका मुसलमानानं पंडित म्हणावं आणि गावानं ते उचलावं, हे ब्रह्मपुरीतच घडू शकतं.

तर स्कूटर. मी विकायला काढली, तर हा गिऱ्हाइकांना परस्पर सांगतो की इंजिन गेलंय. आज पाहतो तर त्यानं ती दुकानात उभी करून नवे ब्रेक बसवलेत. मी म्हटलं, अरे विकायची आहे. तो म्हणाला, महिन्यातून एकदा चालू करत जाईन, नाईतर बॅटरी बसते. मी म्हटलं, बसू दे ना. त्यानं ब्रेक दाबून पाहिला. मग म्हणतो, घराच्या चाव्यापण ठेवून जा, बंद घरात पाली होतात.

माणूस चांगला आहे, पण हिशेबी. स्कूटर फुकटात हवी असेल तर सरळ मागायला काय होतं? उद्या देऊन टाकतो.

१८ नोव्हेंबर

दिली. घेत नाही म्हणाला. “तुही हाय, तुहीच राहीन.” आणि चहा न पिता निघून गेला.

२३ नोव्हेंबर

आमच्याच पेपरचे जुने वार्ताहर आणि पत्रकार संघाचे अध्यक्ष बापूराव आले. पंचवीस तारखेला सायंकाळी पाचला सत्कार. चौकात मंडप, जहीरचाच. बापूराव खालच्या आवाजात म्हणाले, बातमी तेवढी तुम्हीच लिहून ठेवा, नव्या माणसाला जमणार नाही.

बाहेरच्या माणसाला हे कदाचित कळणार नाही. आमच्याकडे सत्काराच्या बातम्या सत्काराच्या आधी जातात. संध्याकाळचा कार्यक्रम, आणि पानं लवकर लागतात. त्यामुळे दुपारी बाराला ‘सत्कार करण्यात आला’ असं लिहून पाठवायचं आणि पाचला जाऊन शाल नीट पडतेय ना एवढं पाहायचं. मंत्र्यांची भाषणंसुद्धा मी अशी लिहिली आहेत. त्यांनीही मंचावर साधारण तीच केली.

बाईला बोलवावं का, हा प्रश्न आला. बोलवायचं तर सांगावं लागेल. मंचावर कुणीतरी ‘कायमचे’ म्हणणारच. नाही बोलवत.

२५ नोव्हेंबर, दुपारी

बातमी पाठवली. इतरांबद्दल लिहिताना हात कधी अडला नाही, स्वतःबद्दल लिहिताना शाल कुठल्या रंगाची लिहावी इथे पाच मिनिटं गेली. मजकूर असा: ज्येष्ठ वार्ताहर अश्वजित यांचा पत्रकार संघातर्फे भावपूर्ण सत्कार करण्यात आला. ते लवकरच कॅनडा येथे मुलीकडे कायमचे वास्तव्यास जात आहेत. अध्यक्षस्थानी बापूराव. मग उपस्थितांची नावं. शेवटी एक ओळ: ‘त्यांच्या ज्येष्ठ भगिनी अंजनाबाई आवर्जून उपस्थित होत्या.’

ही ओळ भरीव दिसते म्हणून घातली. घरचं कुणीच नाही असं वाचायला बरं वाटत नाही. बाकी काही नाही. शिवाय ब्रह्मपुरीची बातमी चंद्रपूरच्या पानावर जाते, नदीपलीकडे गडचिरोलीच्या पानावर नाही. बाईच्या गावात ती दिसायचा प्रश्नच नाही.

तोच दिवस, संध्याकाळी

सत्कार झाला नाही.

चारच्या सुमारास फोन आला, मला नव्हे, बापूरावांना. जंगलाला लागून असलेल्या एका गावात धान बांधणाऱ्या एका मजूर महिलेवर वाघानं झडप घातली. ती जागीच गेली. लोकांनी वनखात्याची गाडी अडवली. सगळे वार्ताहर निघाले आणि जावंच लागतं. बापूराव गाडीत बसताना म्हणाले, तुमचं पुढे बघू. मी म्हटलं, अहो, आधी तिकडे जा. मनापासून म्हटलं. तिथे एका घरातून माणूस गेलं होतं. इथे फक्त शाल.

पायात बूट घातले होते. सवयीनं वही खिशात टाकली आणि मग आठवलं की मला कुणी बोलावलेलं नाही.

मंडपात मी आणि जहीर. समोर मांडलेल्या लाल खुर्च्या. जहीरनं माइक चालू करून “हॅलो, चेक” म्हटलं, दोनदा. मग बंद केला. आम्ही दोघांनी खुर्च्या उचलल्या. त्या एकमेकींत बसवताना किती आवाज होतो ते मला आजवर माहीत नव्हतं. कार्यक्रम संपला की मी नेहमी निघून गेलेलो असे.

बातमी थांबवायला फोन करायचं राहून गेलं. आठवलं तेव्हा पान छपाईला गेलं होतं.

२६ नोव्हेंबर

पहिल्या पानावर वाघाची बातमी, बापूरावांच्या नावानिशी. चौथ्या पानावर माझा सत्कार, बापूरावांच्या अध्यक्षतेखाली. एक माणूस एकाच वेळी तीस किलोमीटर अंतरावर दोन ठिकाणी हजर. योगशास्त्रात ही सिद्धी फार वरच्या पायरीवर येते.

हसून झालं. मग लक्षात आलं की वाघाच्या बातमीसाठी काल दोन्ही जिल्ह्यांचं पान एकच काढलंय.

पत्रूला फोन केला. तो म्हणाला, “मामा, मायनं आयकली बातमी. दोनदा वाचाले लावली.”

काय म्हणाली, विचारलं.

“काई नाई. धानाच्या तणसाच्या ढिगाकडं गेली.”

तिला फोन दे म्हटलं. पत्रू जाऊन आला. म्हणाला, हात भरले हायेत म्हणते.

२७ नोव्हेंबर

आजही हात भरलेले आहेत.

२८ नोव्हेंबर

उद्या जाऊन सांगतो. काय सांगणार ते ठरवत बसलो. निमित्तं सुचली, सगळी व्याकरणशुद्ध. आयुष्यभर इतरांच्या तोंडी वाक्यं घातली. मंत्री, आमदार, एकदा तर मुक्या वृद्धाच्या तोंडीसुद्धा ‘समाधान व्यक्त केले’ असं घातलं. माझ्या तोंडी घालायला एक वाक्य मिळेना.

संघप्रियाचा फोन होता. नात मेत्ता पडद्यावर आली, ‘हाय आजोबा’ म्हणून पळाली. तिचं तेवढंच मराठी. संघप्रिया म्हणाली, बाबा, थकल्यासारखे दिसता. मी म्हटलं, इथे उजेड कमी आहे.

२९ नोव्हेंबर

सकाळी आठच्या बसनं निघणार होतो. बूट घालत होतो तर खालून जहीरची हाक आली. त्याचा आवाज माइकशिवायही चौकापर्यंत जातो. “पंडित, खाली ये. बाई आल्या.”

बाई जहीरच्या दुकानात, गुंडाळलेल्या मंडपाच्या कापडावर बसलेली. हिरवं लुगडं, मंडईतलं. मांडीवर पिशवी. काल दुपारीच निघाली, गडचिरोलीला नातलगाकडे मुक्काम केला, पहाटेची एसटी धरली. पंचाहत्तरीनंतर तिकीट लागत नाही, हे तिनं बसल्या बसल्या जहीरला सांगून झालं होतं. एकटी कशी आलीस, मी म्हटलं. पत्रूला आणायचंस.

“त्याचं नाव नोतं पेपरात,” ती म्हणाली.

मी उभाच. जहीर चहा सांगायला म्हणून उठला आणि गेला.

तिनं चौक पाहून घेतला. मंडप कुठे होता ते विचारलं. मी दाखवलं. ती उठून तिथे गेली, रस्त्याच्या कडेला, मी तिच्यामागे. एक टमाटरवाली गाडी लावत होती, तिला बाईनं हातानंच जरा थांब म्हटलं. मग तिथे उभी राहून म्हणाली,

“पेपरात आलं का मी हजर होती. मी तं नोती. म्हणून आज येऊन गेली. आता ते खोटं नाई राह्यलं.”

मी मान हलवली.

“आता दुसरं सांग. तू कायमचा चालला, ते खरं का खोटं?”

तिनं मला वाट करून दिली होती, हे मला तिथेच कळलं. पेपरवाले काहीही छापतात, एवढं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. निदान मानल्यासारखं केलं असतं. चार महिने आम्ही दोघंही ते धरून चाललो असतो.

“खरं आहे, बाई,” मी म्हटलं.

तिनं पिशवीतून नव्या तांदळाचं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. टमाटरवालीला म्हणाली, लाव बाई तुही गाडी. मग माझ्याकडे पाहून, “इतकंच होतं. तीन खेपा काऊन केल्या मंग?”

म्हणजे तिला पहिल्याच खेपेला कळलं होतं.

घरी आणलं. तिनं माझ्याच स्वयंपाकघरात मला बसवून भात नि लाखोळीचं वरण केलं. जहीरला बोलावलं. तो आला, वर मान न करता जेवला. बाईनं त्याला विचारलं, तू याले जाऊ काऊन देऊन राह्यला? जहीर म्हणाला, “बाई, पावसाळ्यात मी दार तोडलं तवा हा खाली पडून होता. पाणी मांगत होता, अन् घरात कोणीच नाई. मी रोज रोज दार कसं तोडू?” आणि उठून हात धुवायला गेला. बराच वेळ हात धुतले.

बाईनं त्याचं ताट उचललं.  मला वाटलं होतं त्याला फक्त स्कूटरचं पडलंय.

३० नोव्हेंबर

बाईला एसटीत बसवलं. खिडकीशी बसली. गाडी सुटायला वेळ होता, ड्रायव्हर चहा पीत होता. म्हणाली, मंडईची बातमी यंदा कोण लिहीन? मी म्हटलं, नवा वार्ताहर. ती म्हणाली, त्याले काय माहीत कोणाकोणाकडं कोण येते. तू लिहून ठेव. तुमच्यात लिहितेच ना आधीच. मी म्हटलं, लिहितो.

“अन् तुह्यं नाव टाकजो.”

मी म्हटलं, बाई, मी नसणार ना तिथे.

तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला. नवऱ्यामागं एकटीनं शेती केलेला हात, गज छोटा वाटतो त्यात.

“मी तरी कुठी होती?” ती म्हणाली.

गाडी सुटली. वळणावर ती दिसेनाशी झाली तरी मी स्टँडवर उभा होतो. कंट्रोलरनं विचारलं, साहेब, कुठली गाडी पाहिजे?

४ डिसेंबर

पुस्तकं कॉलेजला दिली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, संस्कृतला आता विद्यार्थी नाहीत, पण कपाट आहे. घर मोकळं झालं की आवाज बदलतो. खोकलो तर दोनदा ऐकू येतो.

बापूराव म्हणाले, सत्काराचं राहिलं. मी म्हटलं, झाला. पेपरात आलाय.

९ डिसेंबर

जहीरला घराच्या चाव्या दिल्या. त्यानं त्या स्कूटरच्याच कडीत अडकवल्या. म्हणाला, घर विकू नको एवढ्यात. मी म्हटलं, नाही विकत. हे संघप्रियाला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगायचं एक काम राहिलंय, असं आज लिहिताना लक्षात आलं आणि थोडं हसू आलं.

१२ डिसेंबर

बॅग भरली. नवे तांदूळ कपड्यांच्या मध्ये घातलेत. तिथे विमानतळावर काढून टाकतील असं सगळे म्हणतात. काढू देत. इथपासून तिथपर्यंत तर येतील.

बाईचा फोन आला, पत्रूच्या मोबाइलवरून. मंडपाचे बांबू आले म्हणाली. नाटक कुठलं ते सांगितलं. दोन बायकांच्या भांडणाचं आहे, रडू येते म्हणतात. मग म्हणाली, बोरा धुऊन वाळत घातला. एवढंच. मी म्हटलं, दगड मोठा ठेव, कुणी सरकवेल. ती म्हणाली, कोणी नाई सरकवत.

१३ डिसेंबर, सकाळ

जहीर त्याच्या मंडपाच्या गाडीनं नागपूरला सोडणार आहे. मागे बांबू आहेत, ते तसेच पुढे दुसऱ्या गावी जायचेत. परदेशी जाणारा माणूस बांबूंसोबत निघतो हे अपशकुनी दिसेल असं मी म्हटलं. तो म्हणाला, नाटकाचे हायेत पंडित, बस गुमान.

ही डायरी इथेच ठेवून जातोय, स्कूटरच्या डिक्कीत. जाण्याआधी बाईचं काम करून टाकतो. नव्या वार्ताहराला पाठवायची ती मंडईची बातमी मोबाइलवरून पाठवली. त्यात माझं नाव नाही. हयात गेली या धंद्यात, शेवटची बातमी तरी बरोबर जावी. पण बाईला शब्द दिलाय, म्हणून दुसरी इथे लिहितो.

‘चामोर्शी तालुक्यात दि. __ रोजी मंडई उत्साहात पार पडली. रात्री नाटक सादर करण्यात आले. ध्वनिव्यवस्था जहीर यांची होती. पुढच्या रांगेत अंजनाबाई यांच्यासह त्यांचे बंधू अश्वजित आवर्जून उपस्थित होते.’

तारखेची जागा मोकळी सोडली आहे, वर्षाचीही. खाली हॉर्न वाजतोय.